सुयांच्या आधीचा महिना

माझ्या बायकोचं डोकं महिन्यातून दहा-अकरा दिवस दुखायचं. आधी डाव्या भुवईच्या वर, मग कानामागे, मग मानेत. सुरू व्हायच्या आधी तिला जांभया येत. लागोपाठ सात-आठ जांभया आल्या की घरात कळायचं. ती खिडकीला चादर लावायची, डोक्याला ओढणी घट्ट बांधायची आणि भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायची. मोहरीच्या फोडणीचा वास त्या दिवशी तिला चालायचा नाही, म्हणून मी बिनफोडणीचं वरण करायला शिकलो. उलटी झाली की थोडं हलकं वाटायचं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत जायला निघायची तेव्हा तिचा चेहरा ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्यासारखा दिसायचा.

ती राजूर रस्त्यावरच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत, चाचणी विभागात. नवीन वाण बाजारात येण्याआधी तो शेतात लावून बघायचा, मोजायचा, आणि जुन्यापेक्षा खरंच चांगला आहे का ते लिहून द्यायचं, हे माझं काम. बावीस वर्षं तेच करतो आहे.

या कामात पहिल्या दोन हंगामांतच एक गोष्ट शिकायला मिळते. माणसाच्या डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही. शेतकऱ्याला सांगितलं की या चार ओळी नव्या वाणाच्या आहेत, तर तो त्या ओळींचं तण आधी काढतो, पाणी जरा जास्त सोडतो, आणि बोंडं मोजायला बसला की त्याला तिथं जास्त दिसतात. तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच जास्त दिसतात. म्हणून आम्ही पिशव्यांवर नाव टाकत नाही, नुसते आकडे टाकतो. कुठला आकडा कुठल्या वाणाचा, तो कागद ऑफिसच्या कपाटात कुलपात असतो. आणि नव्या वाणाच्या शेजारी जुन्याचा एक पट्टा असतोच. त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. कंट्रोल नसेल तर ती चाचणी नाही, नुसती शेती आहे.

बायकोच्या डोक्यासाठी आम्ही संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. स्कॅन झाला, त्यात काही निघालं नाही. अर्धशिशी आहे, म्हणाले. दुखायला लागल्यावर घ्यायची एक गोळी दिली आणि दुखू नये म्हणून रोज घ्यायची दुसरी. रोजच्या गोळीने दुखणं थोडं कमी झालं, पण तिला झोप आवरेना. पहिल्या तासाला मुलं पाढे म्हणायची आणि ती खुर्चीत डुलायची. तीन महिन्यांनी तिने ती गोळी सोडली. डॉक्टरांनी दुसरी दिली, तिच्याने हाताला मुंग्या यायला लागल्या. मग तीही सोडली.

अशात तिच्या शाळेतल्या एका मोठ्या बाईंनी तिला सुयांचं सांगितलं. त्या बाईंची मान दोन वर्षं धरलेली होती. नवीन जालन्यात एक डॉक्टर चिनी पद्धतीने सुया टोचतात, तिथं जाऊन मान सुटली, असं त्यांचं म्हणणं.

"सुया टोचून डोकं कसं थांबंल?" मी म्हणालो.

"गोळ्यांनी तरी कुठं थांबलं? जाऊन बघते ना. फोन लावा तुम्ही."

मी फोन लावला. डॉक्टरांनी स्वतःच उचलला. बाई होत्या. त्रास काय, किती वर्षांचा, हे विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "येत्या मंगळवारी चार वाजता या."

मी म्हणालो, कळवतो.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते मला नीट आठवतं, कारण त्यात गोंधळ नव्हता. आदला महिना तिला फार वाईट गेला होता. माणूस नवा उपाय सुरू करतो तो वाईट दिवसांनंतरच, जसं वाईट हंगामानंतर बियाणं बदलतो. पुढचा हंगाम तसाही थोडा बरा जाणार असतो, आणि श्रेय नव्या पिशवीला मिळतं. आता सुया सुरू केल्या आणि दुखणं कमी झालं, तर ते सुयांनी की आपोआप, हे कधीच कळणार नाही. सुया सुरू करण्याआधीचा निदान एक महिना, कुठल्याही उपायाशिवाय, रोज नोंद ठेवून मोजलेला, हातात पाहिजे.

हे मी तिला समजावून सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. रोज मोजतो आहोत हे तिला कळलं असतं तर मोजणीच बिघडली असती, असं मला वाटलं. शेतकऱ्याला ओळी सांगितल्यासारखं झालं असतं.

"महिनाभर नंबर न्हाई म्हणल्या," मी तिला सांगितलं.

"बरं," ती म्हणाली, आणि कॅलेंडरवर पुढच्या महिन्यातल्या एका मंगळवारभोवती गोल केला.

मी कंपनीची एक कोरी फील्डबुक घेतली. हिरव्या पुठ्ठ्याची, खिशात मावेल अशी लांबट वही असते ती. रोज एक ओळ. दुखलं की नाही, दुखलं तर किती जोरात, एक, दोन की तीन, गोळ्या किती, उलटी झाली का. पहिल्या पानावर शीर्षक लिहिलं: सुया सुरू होण्याआधीचा महिना, तुलनेसाठी.

त्या महिन्यातला एक दिवस वेगळा सांगायला पाहिजे. मुलांची घटक चाचणी चालू होती. साडेअकराच्या सुमारास तिच्या शाळेतून मला फोन आला की बाईंना फार त्रास होतो आहे, न्यायला या. मी मोटारसायकलवर गेलो. ती शाळेच्या मागे हापशाजवळ कडुनिंबाच्या बुडाशी बसली होती. चौथीच्या दोन मुली तांब्याने तिच्या हातावर पाणी घालत होत्या. तिने मला ओळखलं, पण बोलली नाही. मी तिला मागे बसवलं आणि हळू गाडी चालवत आणलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला तिचं कपाळ माझ्या पाठीवर टेकायचं आणि ती अगदी हलका आवाज करायची. घरी येऊन तिला झोपवलं, बादली जवळ ठेवली, चादर लावली. मग बाहेरच्या खोलीत येऊन फील्डबुक काढली आणि त्या तारखेपुढे तीन लिहिलं.

महिना संपला तेव्हा दुखण्याचे दिवस अकरा भरले. त्यातले चार तीनचे.

दवाखाना मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. दोन खाटा, मध्ये पडदा, भिंतीवर माणसाच्या शरीराचं चित्र आणि त्यावर बारीक ठिपके. डॉक्टर पन्नाशीच्या. आधी बरीच वर्षं सरकारी आरोग्य केंद्रात होत्या. नोकरीत असतानाच रजा काढून हे शिकल्या, म्हणाल्या. बोलण्यावरून बायकोने विचारलं, "तुम्ही टेंभुर्णीकडच्या का?"

"हो. तुम्ही?"

"माझं माहेरच टेंभुर्णी."

मग पाच-सात मिनिटं कोणाच्या कोण यात गेली. त्यानंतर डॉक्टर तिला ताई म्हणायला लागल्या, ते शेवटपर्यंत.

सुया काढण्याआधी त्यांनी अर्धा तास नुसतं विचारलं. पहिल्यांदा कधी दुखलं, कुठल्या बाजूने, पाळीच्या आसपास वाढतं का, उपाशी राहिल्यावर होतं का, डोळ्यांपुढे काही चमकतं का. ब्लडप्रेशर बघितलं, डोळ्यांत टॉर्च मारला, सरळ रेषेत चालायला लावलं, स्कॅनचा रिपोर्ट वाचला. दुखल्यावरची गोळी चालू ठेवायला सांगितली. आणि एक गोष्ट दोनदा सांगितली: "आजवर कधी दुखलं न्हाई असं अचानक दुखलं, हात-पाय लुळा पडल्यासारखा झाला, बोलताना जीभ अडखळली, तर माझ्याकडं यायचं न्हाई. सरळ मोठ्या दवाखान्यात."

सुया केसाएवढ्या बारीक होत्या. प्रत्येकीचं पाकीट त्यांनी आमच्यासमोर फोडलं. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या मांसल जागी, भुवयांच्या आतल्या टोकांना, मानेच्या वरच्या बाजूला, पावलांवर. मी मोजल्या, तेरा.

"टोचलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई. हात जड वाटून राह्यला."

"बराबर. तसंच वाटायला पाहिजे."

पंचवीस मिनिटं तिला तशीच पडू दिली. दहाव्या मिनिटाला ती झोपली. पडद्यापलीकडच्या खाटेवर कोणाच्या तरी गुडघ्याजवळ डॉक्टर कसल्याशा वाळक्या पाल्याची पेटती कांडी धरत होत्या. त्याचा धूर कडवट होता, पण बायकोला त्याने त्रास झाला नाही. मी हेही लिहून ठेवलं.

त्या मोकळ्या झाल्यावर मी विचारलं, "मॅडम, हे सिद्ध झालेलं आहे का?"

त्यांना राग आला नाही. हा प्रश्न त्यांना नवीन नव्हता. "काय काय सिद्ध झालंय आणि काय न्हाई, दोन्ही सांगते. अर्धशिशीसाठी ज्यांना सुया दिल्या आणि ज्यांना काहीच दिलं न्हाई, अशी तुलना केली तर फरक चांगला दिसतो. रोजच्या गोळीशी तुलना केली तर साधारण तेवढाच गुण, आणि गोळीसारखा त्रास न्हाई."

"आणि खोट्या सुयांशी?"

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "तुम्ही काय करता?"

मी सांगितलं.

"मंग तुम्हाला सांगायला हरकत न्हाई. खोट्या सुया म्हणजे बिंदू सोडून भलतीकडं टोचलेल्या, न्हाईतर टोचल्यासारख्या दाखवलेल्या. त्यांनीही पुष्कळ लोकांना बरं वाटतं. खऱ्या आणि खोट्यामधला फरक आहे, पण थोडा आहे. कुठं दिसतो, कुठं दिसत न्हाई. जो डॉक्टर म्हणतो की सुयांनी सगळं बरं होतं, त्याच्याकडं जाऊ नका."

"मग तुम्ही का करता?"

"कारण ताईंसारख्या बायका माझ्याकडं दहा दिवसांचं डोकं घेऊन येतात आणि पाच-सहा दिवसांचं घेऊन जातात. सगळ्या न्हाई. निम्म्या म्हणा. त्यातलं सुईनं किती आणि झोपून राहिल्यानं किती, हे मला खरंच माहीत न्हाई."

माहीत नाही असं स्पष्ट म्हणणारा माणूस मला आमच्या धंद्यातही क्वचित भेटतो. त्यांच्याबद्दल माझं मत तिथं बदललं. सुयांबद्दल नाही बदललं.

पहिले पाच आठवडे आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा, असं ठरलं. मी तिला गाडीवर सोडायचो आणि खाली दुकानासमोर उभा राहायचो. डॉक्टरांनी तिला मनगट दाबायलाही शिकवलं, आतल्या बाजूने, तळहातापासून तीन बोटं वर. मळमळायला लागलं की ती बसमध्ये बसल्या बसल्या तिथं अंगठा दाबून धरायची. उलट्यांचे दिवस त्याने कमी झाले असं तिचं मत होतं. माझ्या नोंदीतही ते कमी दिसत होते.

पहिले दोन आठवडे काही झालं नाही. चौथ्यात फरक दिसायला लागला. पहिल्या पूर्ण महिन्यात दुखण्याचे दिवस आठ, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात पुन्हा पाच, आणि तीनचा दिवस फक्त एक. ती सकाळी स्वयंपाक करताना बोलायला लागली. पूर्वी बोलायची नाही, हे मला ती बोलायला लागल्यावर लक्षात आलं. एकदा तिने वांग्याच्या भाजीला भरपूर मोहरीची फोडणी दिली आणि मला म्हणाली, "वास येऊन राह्यला का? मला येऊन राह्यलाय आणि काहीच होऊन न्हाई राह्यलं."

मला आनंद झाला होता. पण हेही खरं की त्या तीन महिन्यांत दिवाळीच्या सुट्ट्या आल्या होत्या, ऊन उतरलं होतं, आणि घटक चाचणीचं ओझं संपलं होतं. आकडे चांगले होते, पण निव्वळ सुयांचे नव्हते. मला एक चाचणी अपुरी सोडल्यासारखं वाटत होतं.

म्हणून एके दिवशी दुपारच्या सुट्टीत मी एकटाच वर गेलो.

"मॅडम, एक विनंती होती. पुढच्या चार बैठका तुम्ही सुया बिंदूंच्या बाजूला टोचाल का? दोन बोटं इकडं-तिकडं. तिला कळणार न्हाई. मी नोंद ठेवतोच आहे."

त्या टेबलावरचं कापूस-स्पिरिट आवरत होत्या. "ताईंना विचारलं?"

"विचारलं तर मग ती चाचणी राहत न्हाई."

"राहते. विचारूनच करतात. सांगायचं की काही वेळा बराबर टोचीन, काही वेळा चुकीचं टोचीन, कधी काय ते सांगणार न्हाई. चालंल का? माणूस हो म्हणतो, न्हाईतर न्हाई म्हणतो. कपाशीला विचारावं लागत न्हाई, सर. ताईंना लागतं."

त्यांनी स्पिरिटच्या बाटलीला झाकण लावलं.

"आणि नोंद कधीपासून ठेवताय?"

इथं मी थाप मारू शकलो असतो. पण त्यांनी मला जे खरं होतं ते सांगितलं होतं, म्हणून मीही सांगितलं. पहिल्या फोनचं, मंगळवारचं, मधल्या महिन्याचं.

त्या उठून बेसिनपाशी गेल्या आणि हात धुतले. बराच वेळ धुतले. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मला आठवतंय, पेशंट लगेच आला न्हाई म्हणून. मला वाटलं, बायकोला आणायला नवऱ्याला वेळ न्हाई, नेहमीसारखं." मग वळल्या. "हे घरी सांगा. मी सांगणार न्हाई. तुमचं तुम्ही सांगा."

मी हो म्हणून खाली उतरलो. आणि तीन आठवडे सांगितलं नाही. तिचं बरं चाललं होतं. बरं चाललेलं असताना कशाला, असं रोज वाटायचं, आणि रोज संध्याकाळी मी वहीत एक ओळ लिहायचो.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी ती वैद्यकीय रजेच्या अर्जाला जोडायला स्कॅनचा रिपोर्ट शोधत होती. कपाटात सापडला नाही म्हणून तिने माझी ऑफिसची बॅग उघडली. मी गच्चीवर टाकी धूत होतो. खाली आलो तेव्हा ती पलंगावर बसली होती आणि हिरवी वही तिच्या मांडीवर उघडी होती.

"हे काय आहे?"

"तुझ्या डोक्याची नोंद."

"ते कळलं मला. चांगलं केलं. पण हे पहिलं पान काय आहे? सुया सुरू होण्याआधीचा महिना, तुलनेसाठी."

मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.

"नंबर न्हाई म्हणलते ना तुम्ही? महिनाभर?"

"हो."

"नंबर होता?"

"होता. पुढच्याच मंगळवारचा."

तिने खाली बघितलं. वहीतल्या एकेका तारखेवर बोट ठेवत ती मोजत गेली, मुलांच्या वह्या तपासताना ठेवते तसं. "अकरा," ती म्हणाली. मग एका तारखेवर बोट थांबलं. "ह्या दिवशी तुम्ही शाळेत आल्ते मला घ्यायला."

"हो."

"मी हापशापाशी बसल्ते. पोरी पाणी घालून राह्यल्या होत्या." थोड्या वेळाने म्हणाली, "घरी आणून मला झोपवलं आणि बाहेर जाऊन हे तीन लिहिलं?"

"हो."

मी समजावायला सुरुवात केली. वाईट महिन्यानंतर आपोआप बरं वाटतं, म्हणून आधीचं माप लागतं, नाही तर कळत नाही. मी जे सांगत होतो ते सगळं बरोबर होतं. तिने मध्येच थांबवलं नाही, पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला समजतं ते. डीएडला असताना मीही शिकले आहे थोडं. मी ते न्हाई विचारून राह्यले."

"मग?"

"काही न्हाई."

ती वही घेऊन उठली आणि तिच्या कपाटात ठेवली. रिपोर्ट फ्रिजवर सापडला.

ती ओरडली नाही, माहेरी गेली नाही, शाळेत कोणाला सांगितल्याचंही मला कळलं नाही. पुढच्या मंगळवारी मी गाडी काढली तर म्हणाली, "मी ऑटोनं जाते." तेव्हापासून ती एकटी जायला लागली. स्वयंपाक, बाजार, पौर्णिमेला विहारात जाणं, सगळं बरोबर चालू राहिलं. तिचं डोकं दुखत असलं तरी ती मला सांगायची नाही. जांभया आल्या की आत जाऊन दार लोटून घ्यायची. त्यामुळे किती दिवस दुखतं, किती जोरात दुखतं, हे मला कळेनासं झालं. तिने स्वतःची एक वही केली होती, शाळेतली साधी चौरेघी. ती रोज काहीतरी लिहायची. मी कधी विचारलं नाही. आमच्या ऑफिसात अशा वेळी अहवालावर चाचणी रद्द असं लिहितात आणि कारणाच्या रकान्यात पाऊस, जनावरं किंवा चोरी, जे असेल ते टाकतात.

मी एकदा डॉक्टरांना फोन करून विचारलं, तिचं कसं चाललं आहे. "ताईंना विचारा," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला. ठेवताना त्यांचा आवाज रागाचा नव्हता.

पुढच्या खरिपात माझी कंबर धरली. प्लॉटमध्ये बोंडं मोजायला उकिडवं बसून उठताना चमक भरली आणि मी तसाच वाकलेला राहिलो. दोन मजुरांनी धरून जीपमध्ये घातलं. बायको शाळेतून आली, मला बघितलं, आणि हातपाय धुवायच्या आधी तिने डॉक्टरांना फोन लावला. अर्ध्या तासात मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाचा जिना तिच्या खांद्यावर हात ठेवून चढत होतो.

मी पालथा पडलो. सुया टोचलेल्या कळल्या, मग कळेनाशा झाल्या. तोंड खाटेच्या भोकात होतं, त्यातून फरशी आणि डॉक्टरांच्या चपला दिसत होत्या. त्या पंचवीस मिनिटांत माझ्याकडून कोणाला काही नको होतं. घरात, ऑफिसात, शेतात मला असं कधी पडायला मिळालं होतं ते आठवेना. झोपून राहिल्यानं किती, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, ते म्हणजे काय हे मला तेव्हा अंगानं कळलं.

मी तसा असताना डॉक्टरांनी विचारलं, "ताई, तुमचं काय म्हणतंय?"

बायकोची पर्स उघडल्याचा आवाज झाला. मग वहीची पानं उलटल्याचा. बराच वेळ फक्त पानंच वाजत होती. मला वळून बघता येत नव्हतं, कमरेत नऊ सुया होत्या.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "मार्चमध्ये वाढलंय जरा."

"परीक्षा होत्या."

"हं. पण एकंदरीत छान."

त्या काळातलं तिच्या दुखण्याबद्दल मला जे माहीत आहे ते एवढंच.

माझ्या कमरेला सुयांचा विशेष गुण आला नाही. सहा बैठका झाल्या. तीन आठवड्यांनी कंबर सुटली, पण याआधी दोनदा धरली होती तेव्हाही साधारण तीनच आठवड्यांत सुटली होती, सुयांविना. डॉक्टरांना तसं सांगितलं तर म्हणाल्या, "मंग तुम्हाला न्हाई आला. रोज चालत जा." त्या महिन्यात बायको मला रोज संध्याकाळी सोबत घेऊन स्टेशनपर्यंत चालायची. आधी काहीच बोलायची नाही, मग शाळेतलं थोडं थोडं बोलायला लागली.

आता या गोष्टीला काही वर्षं झाली. दीड-दोन वर्षांपूर्वी तिची पाळी थांबली. त्या वयात अर्धशिशी पुष्कळ बायकांची आपोआप कमी होते, हे डॉक्टरांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं. आता महिन्यातून एखादा दिवस, तोही एका गोळीने थांबणारा. सुया तिने हळूहळू कमी करत बंद केल्या. तेव्हा या सगळ्यात सुयांचा वाटा किती, दिवाळीच्या सुट्ट्यांचा किती, वयाचा किती आणि दर मंगळवारी कोणीतरी तिला अर्धा तास नीट विचारत होतं त्याचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. माझ्याकडे फक्त एकच माप पक्कं आहे, त्या आधीच्या महिन्याचं, आणि ती वही तिच्या कपाटात आहे.

तिच्या शाळेत नवीन आलेल्या एका शिक्षिकेलाही असंच डोकं दुखतं. परवा ती आमच्या घरी विचारायला आली होती. "बाई, खरंच गुण येतो का?"

"मला आला," बायको म्हणाली. "तुला येईल का न्हाई ते मला माहीत न्हाई. आधी डोळ्यांचा नंबर तपासून घे, मेंदूच्या डॉक्टरला दाखव, आणि मंग जा. आणि गोळी सोडू नको लगेच."

गेल्या महिन्यात टेंभुर्णीला तिच्या भाच्याचं लग्न होतं. परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. दुपारची वेळ, दोन्ही बाजूंनी तूर कापलेली रानं. मी काही विचारलं नव्हतं. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "विचारलं असतं तर थांबले असते मी."

मला कशाबद्दल ते लगेच कळलं.

"महिनाभर?" मी म्हणालो.

"महिनाभर थांबले असते. मलाही जाणून घ्यायचं होतं की ते. मीच लिहिलं असतं वहीत, तुमच्यापेक्षा बराबर. तुम्ही दोनचे दिवस पुष्कळ ठिकाणी एक लिहिलेत."

"खरंच?"

"मग! तुम्हाला बाहेरून दिसायचं तेवढंच लिहिलं तुम्ही."

मी माफी मागितली. त्याआधीही मागितली होती, पण ती समजावून सांगण्याच्या शेवटी जोडलेली. या वेळी दुसरं काही बोललो नाही. ती हं म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर तिने एका हॉटेलापुढे गाडी थांबवायला लावली. भजी तळणं चालू होतं, कढईतून धूर येत होता. आम्ही अर्धी प्लेट घेतली. ती बाकावर बसून, लग्नात कोण कोण आलं नव्हतं ते एकेक आठवून सांगत होती, आणि मी ऐकत होतो.